खुर्ची कुठे ठेवायची? कर्जत-खालापूरच्या फार्महाऊसवरचे वाढदिवस

शनिवारी सकाळी कर्जत स्टेशनाबाहेर पाच मिनिटे उभे राहावे. लोकलमधून उतरलेल्या गर्दीत पाठीवर सॅक घेतलेली ट्रेकवाली पोरे लगेच ओळखू येतात, वडापावच्या वासाने थबकलेले ओळखू येतात आणि हल्ली आणखी एक टोळी ओळखू येते. एकाच्या हातात सुतळीने बांधलेला केकचा खोका, तोही आडवा होऊ नये म्हणून पोटाशी धरलेला. दुसरीच्या कापडी पिशवीत ताम्हन, निरांजन आणि कोरी शाल. तिसऱ्याच्या खांद्याला स्पीकर. आणि या सगळ्यांच्या मधोमध, दोन नातवंडांनी दोन बाजूंनी धरलेली आजी, जिच्यासाठी हा घाट घातलेला असतो आणि जी रिक्षाच्या पायरीकडे संशयाने बघत असते.

कुणाची साठी असते, कुणाची पंचाहत्तरी, कुणाचे सहस्रचंद्रदर्शन. वीस-तीस माणसे दोन दिवसांसाठी एक घर भाड्याने घेतात आणि रविवारी संध्याकाळी दमून, भाजून, पण बहुधा खुशीत परततात. घरातला सोहळा घराबाहेर का पडला, तो कर्जत-खालापूर या दोन तालुक्यांतच का आला, इथे त्याचे काय होते आणि त्याच्यामुळे या तालुक्यांचे काय होते, याचा हा आढावा. हे सगळे मोजायला माझ्याकडे एकच माप आहे. ज्याचा वाढदिवस, त्याची खुर्ची कुठे ठेवली होती?

वयाचा जुना हिशेब

वयाचे टप्पे मोजायची आपली रीत केकच्या फार आधीची. पन्नासाव्या वर्षी वैष्णवी शांती, साठाव्याला उग्ररथ, सत्तराव्याला भैमरथी, पंचाहत्तराव्याला ऐंद्री. अशी दर पाच वर्षांची एकेक शांती थेट शंभरीपर्यंत भटजींच्या पोथीत नोंदलेली आहे. शांती या शब्दातच गोम आहे. वय वाढणे ही कौतुकाइतकीच धास्तीचीही बाब होती. सत्त्याहत्तराव्या वर्षाच्या सातव्या महिन्यातल्या सातव्या रात्रीला भीमरथी म्हणत. ती रात्र ओलांडणे कठीण, असा समज होता.

साठीचे कारण वेगळे. संवत्सरांची नावे प्रभवपासून क्षयपर्यंत साठ. साठ वर्षे भरली की जन्माच्या वेळचे संवत्सर फिरून येते आणि माणसाचा एक फेरा पुरा होतो. चीन, कोरिया, जपान या देशांतही साठांचेच चक्र. जपानमध्ये साठी गाठलेल्याला लाल टोपी आणि लाल बंडी घालतात, कारण तो पुन्हा तान्हा झाला असे मानतात. कोरियात 'ह्वांगाप' नावाची साठी एके काळी थाटामाटात होई. लोक जास्त जगू लागले तशी ती मागे पडली आणि सत्तरीचा मान वाढला. आपल्याकडेही तेच झाले. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातले सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते, आता ते ७० च्या घरात आहे. जुन्या सरासरीत बालमृत्यूंचा मोठा वाटा होता हे खरे. तरीही साठी गाठलेला माणूस त्या काळी चार घरांत एखादाच असे. आज साठीचा माणूस स्वतः गाडी चालवत कर्जतला येतो आणि तिथे आपल्या आईची ऐंशी साजरी करतो.

सहस्रचंद्रदर्शनाचा हिशेब तर वहीत मांडून बघण्यासारखा. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त. अशा हजार पौर्णिमा म्हणजे सुमारे २९,५३० दिवस, म्हणजे ऐंशी वर्षे आणि साधारण दहा महिने. परंपरेने ऐंशी वर्षे आठ महिने धरतात. बहुतेक घरांत मात्र मुलांच्या सुट्ट्या, अमेरिकेतल्या नातीचे तिकीट आणि फार्महाऊसची मोकळी तारीख या तिघांचे जमेल त्या शनिवारी हजारावा चंद्र उगवतो.

घर अपुरे पडले

हे सोहळे पूर्वी कुठे होत? वाड्याच्या चौकात, चाळीच्या गॅलरीत, गावच्या घराच्या ओटीवर. पुढे मंगल कार्यालय आले. सकाळी होम, बाराला औक्षण, एकाला पंगत, आणि चारच्या ठोक्याला व्यवस्थापक दारात उभा, कारण संध्याकाळी दुसऱ्याचे रिसेप्शन. आहेर आणू नये असे पत्रिकेत छापायचे आणि आलेले पाकीट घ्यायचे, हाही त्याचाच भाग. सोहळा नीट होई, पण ज्या पाहुण्यांना वर्षानुवर्षांत भेटलो नाही त्यांच्याशी 'जेवलात का' यापलीकडे बोलणे होत नसे.

दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये तीस माणसे झोपू शकत नाहीत, ही साधी गोष्ट फार्महाऊसच्या मुळाशी आहे. दुसरी गोष्ट तितकी उघड बोलली जात नाही. गावच्या घरात तीस माणसे राहत तेव्हा त्यांचे चहा, नाश्ते, दोन वेळचे जेवण आणि भांडी घरातल्या चार-पाच बायकांच्या हातून निघत. बाकीच्यांच्या आठवणीतले ते रम्य एकत्र कुटुंब या बायकांच्या आठवणीत तसे नसते. माझी आई आजोळच्या सुट्टीबद्दल बोलताना आंब्याचा उल्लेख करत नाही, पाट्यावरच्या वाटणाचा करते. फार्महाऊसवर कुक असतो, भांडी कुणीतरी घासते, आणि सगळ्या जावा-नणंदा एकाच वेळी बसलेल्या दिसतात. या बदलाला नावे ठेवणाऱ्याने आधी आठवडाभर तीस माणसांचे करून दाखवावे.

हवापालटाची जुनी चाल याला जोडली गेली. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानला चढला, मग तिथे साहेबांचे आणि पारशांचे बंगले उभे राहिले. १९०७ साली आदमजी पीरभाईंच्या घराण्याने नेरळहून छोटी गाडी वर नेली. लोणावळा-खंडाळ्याला आरोग्यधामे निघाली, मध्यमवर्गीय माणूस डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तिथे महिनाभर राहू लागला. या सगळ्यात कर्जत हे गाडी थांबायचे ठिकाण होते. घाटासाठी मागून इंजिन जोडेपर्यंत खाली उतरून वडा खायचा, एवढीच त्याच्याशी ओळख. दिवाडकरांचा वडा अनेकांना कर्जतच्या आधी ठाऊक असतो. उतरून राहायचे ठिकाण म्हणून कर्जत फार उशिरा नकाशावर आले.

बरोबर मध्यावर

कर्जत नकाशावर आले याला कारण रूळ. १८५६ साली गाडी पळसदरीहून खोपोलीपर्यंत पोचली होती. पलीकडे १८५८ साली खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला. मधला बोरघाट प्रवासी डोली-पालखीने ओलांडत. १८६३ साली घाटातला लोहमार्ग पुरा झाला आणि मुंबई-पुणे सलग जोडले गेले. आजही कर्जत ते लोणावळा हा २८ किलोमीटरचा टप्पा ३७ ला १ अशा चढाचा आहे आणि बहुतेक गाड्यांना मागून जोर द्यावा लागतो.

आता कुटुंबाचा नकाशा बघा. एक भाऊ डोंबिवलीत, एक बहीण ठाण्यात, दोन चुलतभाऊ कोथरूडला, एक आत्या पनवेलला. मुंबईपासून कर्जत रेल्वेने १०० किलोमीटर, पुण्यापासून ९२. 'तुम्हीच नेहमी इकडे या' या जुन्या तक्रारीवर इतका बिनतोड तोडगा दुसऱ्या गावाकडे नाही. रस्त्याने येणाऱ्यांसाठी २००२ साली पुरा झालेला द्रुतगती मार्ग खालापूरच्या टोलनाक्यावरून जातो. खोपोलीजवळच्या मनोरंजन नगरीने २०१३ पासून मुलांचीही सोय केली. पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग झाला की नवी मुंबईकर आणखी जवळ येणार आहेत.

या दोन तालुक्यांचा स्वभाव मात्र एक नाही. कर्जतची घरे उल्हास, पेज या नद्यांच्या काठाने, कशेळे-कोठिंबे-जांबरुंगच्या बाजूला पसरलेली. इथे रात्री अंधार मिळतो. शहरातल्या नातवंडांना तो कमालीचा नवा असतो. खालापूर हमरस्त्याचा आणि कारखान्यांचा तालुका. घरे रस्त्याला जवळ, पोचायला सोपी, पण गाड्यांचा आवाज कानात राहतो. ज्यांच्याबरोबर देवाला जाणारी पिढी आहे ते खालापूर निवडतात, कारण महडचा वरदविनायक तिथे आहे. रामजी महादेव बिवलकरांनी १७२५ साली बांधलेले हे देऊळ अष्टविनायकांपैकी एक. गाभाऱ्यातला नंदादीप १८९२ पासून तेवतो आहे असे सांगतात. वाढदिवसाच्या सकाळी आजीला महडला नेऊन आणायचे आणि दुपारी केक कापायचा, असे दोन्ही पिढ्यांचे समाधान होते. खोपोलीत नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आणि वीरेश्वराचे देऊळ आहे, पण तिथे या मंडळींपैकी क्वचितच कुणी डोकावते. चावणीजवळच्या उंबरखिंडीतही तसेच. शिवाजी महाराजांनी १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखानाला जिथे कोंडले, ती जागा गाडीने गाठता येते. 'नंतर जाऊ' म्हणून ती राहते.

घर कुणाचे, जमीन कुणाची

'फार्महाऊस' या एका नावाखाली निदान चार प्रकार मोडतात. पहिले खरे शेतघर: कुणा डॉक्टरची किंवा व्यापाऱ्याची चार-पाच एकर बाग, घर स्वतःसाठी बांधलेले, आणि खर्च निघावा म्हणून शनिवार-रविवार भाड्याने दिलेले. इथे कपाटात मालकांची जुनी मासिके सापडतात आणि भिंतीवर त्यांच्याच नातवंडांची उंची पेन्सिलीने मोजलेली असते. दुसरे म्हणजे बांधकाम व्यावसायिकाच्या कुंपणात एकाला एक लागून उभे असलेले बंगले. फोटोत एकटा दिसणारा बंगला बारावा आहे आणि अकराव्यात बॅचलर पार्टी आहे, हे इथे आल्यावर कळते. तिसरे रिसॉर्ट: माणशी दर, तीन वेळचे जेवण, गळ्यात पट्टा. चौथे कृषी पर्यटन. नेरळजवळ मालेगावला उल्हासच्या काठी चंद्रशेखर भडसावळ्यांनी उभी केलेली सगुणाबाग ही या प्रकारातल्या महाराष्ट्रातल्या आद्य जागांपैकी एक. तिथे तळे माशांचे असते, पोहायचे वेगळे. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतावर पाहुणे ठेवावेत यासाठी राज्याने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरणही आणले.

पहिल्या दोन प्रकारांच्या पोटात कायद्याचा एक जुना प्रश्न आहे. १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. आदिवासींची जमीन बिगरआदिवासींकडे जाऊ नये म्हणून १९७४ साली जमीन महसूल संहितेत ३६-अ हे कलम घातले गेले. माथेरानभोवतीचा मुलूख २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आणि त्यात कर्जत-खालापूरचा काही भाग येतो. 'शेतकरी दाखला' कुठून मिळाला, बिनशेती झाली का, हे भाड्याने राहणारा कधी विचारत नाही. त्याने विचारावे अशी अपेक्षाही नाही. पण आपण ज्या हिरवळीवर सतरंजी टाकतो ती एके काळी कुणाच्या तरी सातबाऱ्यावर भात होती, एवढे ठाऊक असावे.

तलावाकाठची खुर्ची

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत आमच्या मोठ्या आत्याची पंचाहत्तरी कशेळ्याच्या पुढे एका घरात झाली. आम्ही एकतीस जण होतो, वयाचा पल्ला चौदा महिन्यांपासून त्र्याऐंशीपर्यंत. घर निवडले होते पस्तिशीच्या आतल्यांनी, ग्रुपवर आलेल्या फोटोंवरून. सतरा फोटोंपैकी नऊ पोहण्याच्या तलावाचे होते. जिन्याचा एकही नव्हता.

जिना बाहेरून होता, अकरा पायऱ्या, कठडा एकाच बाजूला. आत्याच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. सगळ्या चांगल्या खोल्या वर, खाली एकच, स्वयंपाकघराला लागून, जिथे एरवी ड्रायव्हर झोपत असावेत. तिथे खाट टाकली. मग दिवसभर तिच्यासाठी पांढरी प्लास्टिकची खुर्ची तलावाच्या काठी ठेवली गेली. उद्देश चांगला होता: तिला सगळे दिसावे. तिला दिसले ते असे की पोरे पाण्यात, जावई पत्त्यांत, सुना फोटोंत, आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी ओल्या हाताने येऊन विचारणार, 'आत्या, काही हवंय का?' अकरा वाजता ऊन खुर्चीवर आले तेव्हा खुर्ची सावलीत सरकवली. दोनला पुन्हा सरकवली. संध्याकाळी केक, पंचाहत्तर दिव्यांचे औक्षण, आणि आम्ही तयार केलेली तिच्या आयुष्याची चित्रफीत. ती तिने शांतपणे बघितली आणि शेवटी म्हणाली, 'यात माझ्या नोकरीतलं काहीच नाही.' एकोणतीस वर्षे टेलिफोन खात्यात होती ती. आमच्याकडे तिचे तिथले एकही छायाचित्र नव्हते.

हा आमचा एकट्यांचा दोष असता तर लिहिले नसते. पण नंतर ज्यांना ज्यांना विचारले त्यांच्याकडेही ती खुर्ची निघालीच. उत्सवमूर्ती हा आपला शब्द नेमका आहे: मूर्ती बसवायची, पुढ्यात उत्सव करायचा. देवाचे त्याने बिघडत नाही. माणसाला मात्र हातात काम लागते.

मडक्याभोवती

ते काम आत्याला रात्री मिळाले. जेवणात पोपटी होती. रायगडात थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लागते, आणि जानेवारी-फेब्रुवारीचा शनिवार इथे त्या धुराच्या वासाने ओळखावा. घर सांभाळणाऱ्या माणसाच्या बायकोने मडके आणले, तळाशी भांबुर्डीचा पाला दाबला. वर मीठ आणि ओवा चोळलेल्या शेंगा, त्यात बटाटे, अंडी, केळीच्या पानात बांधलेले मसाल्याचे कोंबडीचे तुकडे, पुन्हा शेंगा, पुन्हा पाला. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्याने गच्च भरून मडके जमिनीवर उपडे घातले आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवून दिले.

आत्या खुर्चीतून उठली. कुणी उठवली नाही. 'ओवा कमी पडला बाई,' म्हणाली. ती बाई हसली. 'आजी, वारा फिरलाय, या अंगाला बसा,' म्हणून तिने एक पाट सरकवला, आणि ज्या आत्याला खाली बसायची बंदी होती ती दोघींच्या आधाराने पाटावर टेकली. आत्याचे माहेर पेण तालुक्यातले. लहानपणी शेतावर पोपटी कशी लावत, पाला कुठून आणत, भाऊ कसे अंडी चोरून आत सरकवत, हे ती सांगू लागली आणि एकेक करत सगळे आगीभोवती आले. गाणी बंद करायला कुणी सांगितले नाही, ती आपोआप थांबली. अर्ध्या तासाने तिने हात ओला करून मडक्यावर पाणी शिंपडले. 'चर्र' होऊन क्षणात उडाले. 'झाली,' ती म्हणाली. रिकामी खुर्ची तलावाकाठी तशीच होती. नंतर तिच्यावर टॉवेल वाळत पडले.

यावरून मी काढलेला निष्कर्ष लहान आहे. अशा दोन दिवसांतला मोलाचा भाग ठरलेल्या कार्यक्रमात नसतो. तो रात्री सापडतो, कारण रात्र हीच एक गोष्ट मंगल कार्यालय देऊ शकत नाही. आणि ज्याचा वाढदिवस त्याला काहीतरी येत असते: पोपटी, पत्त्यातला एखादा जुना डाव, भजन, मोदकाच्या कळ्या. ते त्याच्या हाती द्यावे.

वाटणीचा हिशेब

खर्चाचे गणित वरवर सोपे असते: घरभाडे, जेवण, अनामत, केअरटेकरचे वेगळे. भांडण तिथे होत नाही, वाटणीत होते. 'दर घरटी' घेतले तर एकट्या राहणाऱ्या मावशीला पाच जणांच्या कुटुंबाएवढे पैसे पडतात. 'माणशी' घेतले तर कॉलेजातल्या पोरांचे कोण भरणार हा प्रश्न येतो. आणि अमेरिकेतला भाऊ 'सगळे मीच देतो' म्हणाला तर ते सर्वांत महाग पडते, कारण त्याचे उतराईचे व्याज बाकीचे वर्षभर फेडतात. आमच्याकडे रुळलेला मार्ग असा की कमावत्या माणसाने माणशी भरायचे, न कमावत्याचे कुणी भरायचे नाही, आणि ज्याचा वाढदिवस त्याच्याकडून काही घ्यायचे नाही. तिसरी अट आत्याने मोडली. तिने कुकच्या आणि भांडी घासणाऱ्या बाईच्या हातात स्वतः पाकीट ठेवले. बाकी तीस जणांपैकी कुणाला ते सुचले नव्हते.

पाणी, दोन बाजूंनी

पोहण्याचा तलाव हे या धंद्याचे चलन आहे. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, सव्वा मीटरच्या आतबाहेर खोल असा मध्यम तलाव घेतला तर त्यात साधारण ६०,००० लिटर पाणी मावते, दहा हजारांचे सहा टँकर. ग्रामीण नळपाणी योजनांत माणशी दिवसाला ५५ लिटरचे माप धरतात. त्या मापाने शंभर माणसांच्या वाडीला हे पाणी जवळजवळ अकरा दिवस पुरते. ज्या तालुक्यात पावसाळ्यात डोंगर पांढऱ्या धारांनी भरतो, त्याच कर्जतच्या काही आदिवासी वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघावी लागते. खालापूरचे मोरबे धरण नवी मुंबईची तहान भागवते. टाटांच्या खोपोली आणि भिवपुरी इथल्या वीजघरांतून, अनुक्रमे १९१५ आणि १९२२ पासून, घाटमाथ्याचे पाणी खाली येते. या मुलखात पाण्याला तोटा नाही, ते कुणाच्या वाट्याला जाते एवढाच प्रश्न आहे. मे महिन्यात साजरी होणारी पंचाहत्तरी तलावाविना करता येते. झाडाखाली खाट टाकली की आजीला तीच जास्त आवडते.

पाण्याची दुसरी बाजू जीवावरची. दर पावसाळ्यात धबधब्यांवर, बंधाऱ्यांवर, नदीच्या डोहांत माणसे बुडतात, आणि म्हणूनच प्रशासन दरवर्षी काही ठिकाणी बंदीचे आदेश काढते. पोहता येणारा माणूसही इथे फसतो, कारण वर घाटात पडलेल्या पावसाचा लोंढा खाली ऊन असतानाही येतो. उल्हास कशी फुगते हे २७ जुलै २०१९ ला सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात उभी राहिली आणि हजाराच्या आसपास प्रवासी बाहेर काढावे लागले. संकट आले की धावून येतात ती इथलीच माणसे. खोपोलीची 'यशवंती हायकर्स', 'अपघातग्रस्तांच्या मदतीला' अशी मंडळे वर्षानुवर्षे घाटात, दरीत आणि पाण्यात उतरत आली आहेत.

दवाखान्याचा विचार शेवटी होतो, तो आधी व्हावा. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे. मोठा प्रसंग आला तर पनवेल-नवी मुंबई गाठावी लागते, आणि रविवारी संध्याकाळी चौक फाट्यावरची रांग रुग्णवाहिकेलाही चुकत नाही. १०८ लावल्यावर पत्ता नीट सांगता यावा म्हणून गावाचे आणि वाडीचे खरे नाव माहीत हवे. बंगल्याचे फुलापानांवरून ठेवलेले नाव चालकाला काही सांगत नाही. रात्री अंगणात चालताना हातात बॅटरी आणि पायात चप्पल, हे आजी कितीही ओरडली तरी कमीच. घोणस, फुरसे, मण्यार हे इथले कायमचे रहिवासी आहेत, आपणच पाहुणे.

कुंपणापलीकडे

खालापूरच्या अनेक घरांच्या गच्चीतून इर्शाळगडाचा सुळका दिसतो. त्याच्या नेढ्याचा फोटो सगळे काढतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्या गडाखालची ठाकरांची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली, आणि अखेर शोध थांबवावा लागला. वाचलेल्यांना पुढे चौक गावाजवळ घरे बांधून दिली गेली. गच्चीवर फोटो काढणाऱ्या पोराला हे सांगावे. त्याने सण बिघडत नाही.

ठाकर आणि कातकरी हे या मुलखाचे जुने धनी. कातकरी राज्यातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक. दिवाळीनंतर त्यांची कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर, कोळशाच्या कामावर निघतात. फार्महाऊसने इथे कामे आणली हे नाकारता येणार नाही. माळी, राखणदार, स्वयंपाकीण, सरपण आणणारा, भाकऱ्या भाजून देणारा बचत गट, टेम्पोवाला, सगळ्यांची चूल त्यावर काही अंशी पेटते. पण हे काम शनिवार-रविवारचे, पावसाळ्यात तेजीचे आणि परीक्षांच्या दिवसांत बंद पडणारे. जमीन विकून त्याच जमिनीवर राखणदार झालेली माणसेही आहेत. आणि दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हा नियम २००० सालापासून देशभर आहे. कुंपणापलीकडे पहाटे चारला उठून पाणी भरणारे घर आहे, त्याला तो नियम आपल्यापेक्षा जास्त हवा असतो. पाहुण्यांनी निदान चार गोष्टी कराव्यात: तांदूळ, भाजी, अंडी, कोंबडी गावातून घ्यावीत, कचरा परत न्यावा, आवाज आवरावा, आणि निघताना त्या घरच्या माणसांची नावे आपल्याला माहीत असावीत. आमच्या त्या पोपटीवालीचे नाव आम्हा एकतीसांत फक्त आत्याला माहीत होते.

काय ठेवावे

या सगळ्याची बेरीज केली तर मी फार्महाऊसच्या बाजूने आहे. बहिणी-बहिणी एका अंथरुणावर पहाटेपर्यंत कुजबुजतात, चुलत नातवंडांची पहिली भांडणे आणि पहिल्या मैत्र्या होतात, साठ वर्षे न बोललेली एखादी गोष्ट अंधारात बोलली जाते, हे आता दुसरीकडे कुठे होत नाही. आमच्या पिढीपाशी वाडा उरला नाही, दोन दिवसांचा वाडा भाड्याने मिळतो आहे तर तो घ्यावा. फक्त तो कुणासाठी घेतला हे विसरू नये.

घर जानेवारीत घ्यावे, पोपटीच्या दिवसांत, तेव्हा धुळीचा उन्हाळाही नसतो आणि नदीचा पावसाळाही. तारीख, जेवण, कार्यक्रम काहीही ठरो, जागा मात्र ज्याचा वाढदिवस त्याला विचारून ठरावी. येत्या थंडीत काकांची ऐंशी आहे. ग्रुपवर परवा पहिला फोटो आला. निळाशार तलाव, काठावर दोन आरामखुर्च्या. खाली सोळा अंगठे. मग आत्याचा मेसेज आला, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एका बोटाने टंकलेला: 'संडास खालच्या मजल्यावर आहे का, आणि चुलीला जागा आहे का, ते विचारा.'